प्रकल्प नोंदी: फेऱ्यांच्या पानावरची न दिसणारी चूक

प्रकल्प: केळशी ते गुहागर पट्ट्यातल्या घरगुती निवासांची साइट. साइटचा कोड पीएचपी ८.२ या भाषेत, छोटा स्वतंत्र सर्व्हर. इथल्या नोंदी फक्त ‘भरती आणि फेरी’ या पानाच्या.

७ ऑक्टोबर २०२४, सकाळ

साइट पांढरी. कर्द्याहून एका निवासवाल्यांचा फोन, मग मुरूडहून दुसरा. आतल्या खोल्यांची पानंही उघडत नाहीत. ‘भरती आणि फेरी’चा छोटा चौकोन मुखपृष्ठावर आणि प्रत्येक पानाच्या कडेला येतो, त्यामुळे तिथे गाडी अडली की सगळी साइट अडते.

गिटमधून (तिथे कोडच्या जुन्या आवृत्त्या जपलेल्या असतात) मागच्या आठवड्याची प्रत चढवली, ओपकॅश म्हणजे पीएचपीचा वेगासाठीचा साठा रिकामा केला, साइट सुरू झाली. पण त्या प्रतीत दसऱ्याच्या गर्दीसाठी लिहिलेल्या सूचना नाहीत, आणि ऐन सुट्टीत त्याच हव्यात. कर्द्याच्या पुळणीवर गाडी उतरवायची, समुद्र आत असताना फोटो काढायचे आणि भरती सुरू झाली की चाकं रुतून बसायची, हे दर सुट्टीत घडतं. भरतीची वेळ आणि दाभोळ–धोपावे, वेसवी–बागमांडला, जयगड–तवसाळ या फेरीबोटींची माहिती एकाच पानावर असावी, यासाठीच हे पान केलं. ते चुकीचं किंवा बंद असून चालणार नाही.

एरर पडद्यावर दाखवणं सर्व्हरवर बंद आहे, ते तसंच ठेवायचं. लॉगमध्ये मिळालेली ओळ:

पीएचपी पार्स एरर: सिंटॅक्स एरर, अनएक्स्पेक्टेड आयडेंटिफायर "", एक्स्पेक्टिंग "]", ओळ ४७.

अवतरणात काहीच नाही. ‘अनपेक्षित नाव सापडलं’ म्हणतो, आणि नाव कोरं.

७ ऑक्टोबर, दुपार

बिघडलेली प्रत लॅपटॉपवर घेतली. लॅपटॉपवरही ८.२ च आहे, आणि चूक तिथेही तशीच येते. म्हणजे सर्व्हर आणि लॅपटॉपच्या आवृत्त्यांतला फरक हे कारण नाही. एक शंका मिटली.

ओळ ४७ साधी आहे. फेरीबोटींच्या माहितीची मोठी अ‍ॅरे, म्हणजे कोडमधली यादी, त्यातली एक किल्ली: एकेरी अवतरणात ‘फेऱ्या’, मग बाण, मग चौकोनी कंस उघडतो. वरच्या ४६ व्या ओळीच्या शेवटी स्वल्पविराम आहे. पार्सर (कोडची वाक्यरचना वाचणारा पीएचपीचा भाग) जिथे अडतो तो ओळ क्रमांक सांगतो, चूक पुष्कळदा त्याच्या वर असते, म्हणून आधी वरच्याच ओळी बघितल्या. सगळ्या ठीक.

नेहमीचे संशयित एकेक करून बाजूला काढले. उघडा राहिलेला महिरपी कंस? तसं असतं तर पीएचपी ८ ने ‘अनक्लोज्ड’ म्हणून तो कुठल्या ओळीवर उघडला तेही सांगितलं असतं. फाइलच्या सुरुवातीला बीओएम, म्हणजे तिथे बसणारी अदृश्य खूण? पहिले बाइट तपासले, नाही. न बंद झालेलं अवतरण? एडिटरने रंग बरोबर दिलेत, मजकूर एका रंगात, बाण दुसऱ्या.

मग ओळ ४७ च्या खाली तीच ओळ स्वतः टाइप केली आणि वरची कॉमेंट केली. एरर गेला तिथून. खालची कॉमेंट करून वरची परत चालू केली, एरर हजर. दोन ओळी एकाखाली एक ठेवल्या तर पडद्यावर काना-मात्रेचाही फरक नाही. एक चालते, एक चालत नाही.

८ ऑक्टोबर

आज वेळ गेला तो ‘केव्हा बिघडलं’ या प्रश्नात. मजकूर बघणाऱ्या ताई धोपाव्याच्या बाजूला राहतात. त्यांनी बदल शनिवारी संध्याकाळी चढवला. शनिवारी रात्री आणि रविवारी दिवसभर साइट ठणठणीत होती. सोमवारी पहाटे अपडेटनंतर सर्व्हर रीस्टार्ट झाला आणि साइट गेली. म्हणून पहिला संशय अपडेटवर होता, आणि तो खोटा निघाला.

कारण ओपकॅश. पीएचपी फाइल एकदा वाचून तिचा तयार कोड स्मृतीत ठेवतो. फाइल बदलली आहे का हे पुन्हा तपासायचं की नाही ते ‘व्हॅलिडेट टाइमस्टँप्स’ या सेटिंगवर ठरतं. आपल्याकडे ते बंद आहे, वेगासाठी. नेहमीच्या मार्गाने कोड चढवला की शेवटी ओपकॅश आपोआप रिकामा होतो. ताईंची फाइल मात्र पॅनलमधून थेट जाते, तिथे ती पायरीच नाही. म्हणजे दीड दिवस सर्व्हर जुना, चांगला कोडच चालवत होता. नवी फाइल त्याने पहिल्यांदा वाचली ती सोमवारी रीस्टार्ट झाल्यावर.

हे लिहून ठेवणं गरजेचं: साइट बंद पडल्याची वेळ म्हणजे चूक शिरल्याची वेळ असेलच असं नाही. लॉगमधल्या घड्याळापेक्षा फाइलच्या बदलाची तारीख आधी बघायची.

संध्याकाळी वीज गेली. पुढचं उद्या.

९ ऑक्टोबर

सकाळी दोन्ही ओळी वेगवेगळ्या फाइलींत ठेवून आकार बघितले. ताईंची ओळ सहा बाइटनी मोठी. पाणी कुठे मुरतंय ते आता बाइट उघडल्याशिवाय कळणार नव्हतं.

हेक्स डंप काढला, म्हणजे फाइलचे बाइट सोळा-आधारी अंकांत उघडले. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि सुरुवात ई० ए४ किंवा ई० ए५ ने. हे एकदा डोळ्यात बसलं की मराठी मजकूर हेक्समध्येही वाचता येतो. ताईंच्या ओळीचा शेवटचा भाग असा:

ई० ए४ एएफ (य), ई० ए४ बीई (काना), २७ (बंद अवतरण), ई२ ८० ८डी, २० (मोकळी जागा), ३डी ३ई (बाण).

बंद अवतरण आणि मोकळी जागा यांच्यामध्ये ई२ ८० ८डी. हा झीरो विड्थ जॉइनर, यू+२००डी, जोडाक्षराचं रूप ठरवणारं चिन्ह. रुंदी शून्य, म्हणून पडद्यावर दिसत नाही. एडिटरमध्ये कर्सर अवतरणाच्या पुढे नेऊन उजवा बाण दाबला तर एका दाबाला कर्सर हलतच नाही, दुसऱ्या दाबाला हलतो. हेक्स न काढताही ही खूण पटते.

पण हे तीन बाइट झाले, फरक सहाचा. उरलेले तीन शब्दाच्या पोटात सापडले. ताईंच्या ओळीत ‘फेऱ्या’मधला अर्धा र असा साठवलाय: ई० ए४ बी० (र), ई० ए५ ८डी (हलन्त), ई२ ८० ८डी (जॉइनर). माझ्या कीबोर्डाने तोच असा साठवला: ई० ए४ बी१ (ऱ), ई० ए५ ८डी (हलन्त). नऊ बाइट आणि सहा बाइट, आणि दिसायला तंतोतंत एक. दोन्ही रीती युनिकोडला मान्य आहेत, दोन्हींनी डोळ्याच्या पापणीसारखा तो र उमटतो. हलन्त आणि जॉइनर दोन्हींचा शेवटचा बाइट ८डी आहे, तेव्हा डंप वाचताना घाई करायची नाही, पहिला बाइट ई० आहे की ई२ ते बघायचं.

एकाच ओळीत दोन जॉइनर. दोषी कुठला? आतला बदलून बाहेरचा ठेवला: एरर तसाच. आतला ठेवून बाहेरचा काढला: एरर गेला. अवतरणातल्या मजकुराशी पार्सरला देणंघेणं नाही, तिथे काहीही असो. अवतरणाबाहेर पडलेला जॉइनर मात्र त्याला दिसतो.

आता ते कोरं नाव. पीएचपीत नाव इंग्रजी अक्षराने, अधोरेखेने किंवा ८० ते एफएफ यांपैकी कुठल्याही बाइटने सुरू होऊ शकतं, आणि अशाच बाइटनी पुढे वाढतं. म्हणूनच डॉलर चिन्हापुढे ‘भरती’ असं देवनागरीत लिहिलेलं व्हेरिएबल पीएचपीत बिनतक्रार चालतं. पण हे बाइट कुठल्या अक्षराचे आहेत हे तो बघत नाही. ई२ ८० ८डी हे तिन्ही बाइट त्या पट्ट्यात बसतात, तेव्हा एकटा जॉइनर हे त्याच्या लेखी तीन बाइटचं रीतसर नाव. म्हणून ‘ओळखू न येणारं चिन्ह’ अशी तक्रार येत नाही, ‘अनपेक्षित आयडेंटिफायर’ येते. आणि अवतरणात त्याने ते नाव छापलंही आहे. ते कोरं दिसतं कारण नावच अदृश्य आहे. संदेश पहिल्यापासून अक्षरशः खरा होता.

यापुढे कुठल्याही सिंटॅक्स एररमध्ये अवतरण रिकामं दिसलं तर दुसरं काही शोधण्याआधी बाइट बघायचे. वर्ड किंवा वेबपानावरून आलेली न तुटणारी मोकळी जागा, सी२ ए०, हीदेखील याच पट्ट्यातली. ती ‘रिटर्न’ आणि पुढच्या व्हेरिएबलच्या मध्ये बसली तर ‘रिटर्न’ला चिकटून भलतंच नाव तयार होतं आणि एरर व्हेरिएबलवर येतो.

९ ऑक्टोबर, रात्र

जॉइनर काढला, पुन्हा तपासलं, तर नवा एरर: अनएक्स्पेक्टेड टोकन ":", एक्स्पेक्टिंग "," ऑर ";". ओळ १०३. पार्सर पहिल्या चुकीशी थांबतो, खालचं काही बघत नाही. वरची गेली म्हणून ही दिसली.

१०३ व्या ओळीच्या आसपास हेअरडॉक आहे, म्हणजे तीन कोनी कंस आणि एक खूणशब्द देऊन सुरू होणारा लांब मजकूर. खूणशब्द देवनागरीत आहे, ‘सूचना’. ताईंनी त्यात नवी ओळ घातली: ‘सूचना: उधाणाच्या दिवसांत पुळणीवर गाडी नेऊ नये.’

इथे कारण पटकन सापडलं, पण तेही लक्षात ठेवण्यासारखं. पीएचपी ७.३ च्या आधी (ती आवृत्ती डिसेंबर २०१८ ची) बंद करणारा खूणशब्द ओळीच्या अगदी सुरुवातीला आणि ओळीवर एकटाच लागायचा, फार तर पुढे अर्धविराम. ७.३ पासून तो आत सरकवलेला चालतो आणि त्याच्यापुढे ओळ तोडावी लागत नाही. सोय झाली, पण मजकुरातली एखादी ओळ त्याच शब्दाने सुरू झाली तर मजकूर तिथेच संपला असं पीएचपी धरतो. ताईंच्या ओळीत नेमकं हेच झालं, आणि उरलेला विसर्ग-चिन्हासारखा तो अपूर्णविराम कोड म्हणून वाचला गेला.

करून बघितलं: ओळ ‘सूचनांकडे लक्ष द्या’ अशी सुरू केली तर काही होत नाही. कारण ‘सूचना’पुढे लगेच अनुस्वाराचे बाइट येतात, ते नावात चालणारे, म्हणून पीएचपीला तो वेगळा शब्द वाटतो. अपूर्णविराम किंवा मोकळी जागा आली की घात.

खूणशब्द बदलून ‘किनारा_पान_मजकूर_समाप्त’ केला. बोलण्यात कधी येणार नाही असाच हवा.

१० ऑक्टोबर

दाभोळहून फेरीने धोपाव्याला गेलो, ताईंच्या शेजारी बसून त्या कशा टाइप करतात ते बघितलं. फोनवर हे कळलं नसतं.

‘दादा, मी फक्त फेऱ्या शब्द नीट केला हां,’ त्या म्हणाल्या. खरंच तेवढंच केलं होतं. त्यांच्या कीबोर्डावर र, हलन्त, य असं दाबलं की रफार होतो आणि ‘फेर्या’ उमटतं. ते चूक, म्हणून शब्द पूर्ण झाल्यावर मागे येऊन जॉइनरची कळ दाबायची, अशी त्यांची सवय. कर्सर जागेवर असला की शब्द लगेच सुधारतो. पण अवतरणाच्या बाहेर असताना कळ दाबली गेली तर पडद्यावर काहीच होत नाही. साहजिकच माणूस मागे जाऊन पुन्हा दाबतो. पहिला जॉइनर तिथेच राहतो.

यात त्यांचा काही दोष नाही. शुद्ध मराठी लिहायची म्हणून त्या ही जास्तीची कळ दाबतात. पुष्कळ साइटवर ‘किनार्यावर’, ‘सुर्या’ असलं काहीही छापलेलं असतं आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. आपल्या पानावर तसं नको.

११ ऑक्टोबर

सहकाऱ्याचा प्रस्ताव: फाइल चढवताना सगळे जॉइनर सरसकट उडवायचे, एका ओळीचं काम. मी नको म्हटलं आणि का ते करून दाखवलं. ताईंच्या पद्धतीने साठवलेल्या मजकुरातून जॉइनर गेला की ‘फेऱ्या’चं ‘फेर्या’ होतं. ‘डोंगरदऱ्या’ लिहिलेलं असेल तिथे ‘दर्या’ येतो, आणि आपल्या साइटवर दोन्ही शब्द आहेत. पार्सर खूश आणि मराठी बिघडलेली, हा सौदा परवडणारा नाही.

मग अवतरणाच्या आत काय आणि बाहेर काय हे ठरवायचं कोणी? रेग्युलर एक्स्प्रेशनने, म्हणजे मजकुरातला नमुना शोधून, ते नीट जमत नाही, हेअरडॉक आणि कॉमेंट आल्या की फसतं. पीएचपीकडे स्वतःचा टोकनायझर आहे, तोच वापरला. ‘टोकन गेट ऑल’ला फाइलचा मजकूर दिला की तो तुकडे पाडून देतो: हे नाव, हा अवतरणातला मजकूर, ही कॉमेंट. आणि तो वाक्यरचना तपासत नाही, त्यामुळे फाइल मोडकी असली तरी काम करतो. आपल्याला नेमकं हेच हवं.

छोटी स्क्रिप्ट लिहिली. टोकन नावाच्या किंवा व्हेरिएबलच्या प्रकारचं असेल आणि त्यात जॉइनर, नॉन-जॉइनर, शून्य रुंदीची जागा किंवा न तुटणारी जागा असेल तर ओळ क्रमांक सांगून थांबते. मजकुराला हात लावत नाही. ताईंच्या मूळ फाइलवर चालवली: ‘ओळ ४७: अवतरणाबाहेर अदृश्य जॉइनर’. असा संदेश शनिवारी मिळाला असता तर सोमवारची धावपळ टळली असती.

तिच्या जोडीला ‘पीएचपी वजा एल’, म्हणजे फाइल न चालवता फक्त वाक्यरचना तपासणं. पॅनलमधून आलेली फाइल आता आधी वेगळ्या फोल्डरात उतरते, दोन्ही तपासण्या पार झाल्या तरच जागेवर जाते, आणि लगेच ओपकॅश रिकामा होतो. नापास झाली तर जुनी फाइल चालू राहते आणि ताईंना मराठीत संदेश जातो.

१२ ऑक्टोबर

दसरा. नव्या सूचनांसह पान सकाळपासून चालू. काम बंद.

१४ ऑक्टोबर

मुळात मजकूर कोडच्या फाइलीत असूच नये. आज फेऱ्या आणि सूचना सीएसव्हीत, म्हणजे साध्या तक्त्याच्या फाइलीत, हलवल्या. ताई स्प्रेडशीटमध्ये भरतील, अवतरणं आणि कंस यांच्याशी त्यांचा संबंध संपला.

हलवताना जुन्या एका फाइलीत वळणदार अवतरणं सापडली, व्हॉट्सअ‍ॅपवरून चिकटवलेली. त्यांचे बाइट ई२ ८० ९८ आणि ई२ ८० ९९, म्हणजे पुन्हा त्याच पट्ट्यातले. मध्ये मोकळी जागा नसलेला शब्द त्यांत असेल तर सिंटॅक्स एरर येतच नाही. पीएचपी तो अख्खा शब्द अवतरणांसकट कॉन्स्टंटचं नाव समजतो, आणि ती ओळ प्रत्यक्ष चालेल तेव्हा ‘अनडिफाइन्ड कॉन्स्टंट’ म्हणून पीएचपी ८ मध्ये पान पडतं. ‘वजा एल’ला हे कळत नाही. तपासणीच्या यादीत ही दोन चिन्हंही घातली.

१६ ऑक्टोबर

कोजागरी. सीएसव्हीतून येणाऱ्या भरतीच्या वेळा सरकल्या नाहीत ना, याची खातरजमा. वेळा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या तक्त्यांवरून भरलेल्या आहेत, पण स्तंभ एक घर सरकला तर दिवसभराच्या वेळा चुकतील. पडताळ्याला बंदरावरचा जुना हिशेब घेतला: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. ढोबळ आहे, तक्त्याशी थोडं मागेपुढे होतं, पण स्तंभ चुकला असता तर तासांचा फरक दिसला असता. महिन्याच्या सगळ्या तिथी याच सूत्राने स्क्रिप्टमधून ताडून बघितल्या, एक तासाहून जास्त अंतर पडलं की खूण करायची. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, सूत्र जास्त ढिलं पडतं, म्हणून तिथे दीड तास धरले.

दुसरं: साइटवरच्या शोधात ‘फेऱ्या’ टाकलं तर निम्मी पानं मिळत नाहीत. कारण तेच, दोन पद्धतींनी साठवलेला र. युनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी साठवण एकसारखी करणं, इथे उपयोगाचं नाही. त्यातला एनएफसी हा प्रकार र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) जोडून ऱ करतो, पण र, हलन्त, जॉइनर या साखळीला तो हात लावत नाही. म्हणून आपला नियम: र, हलन्त, जॉइनर आणि पुढे य किंवा ह असेल तरच ऱ आणि हलन्त असं बदलायचं. मराठीत हा र या दोन अक्षरांआधीच येतो. बाकीचे जॉइनर, क्ष वगैरे मोकळा लिहिण्यासाठी घातलेले, साठवलेल्या मजकुरात जसेच्या तसे. साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे हाच नियम.

१८ ऑक्टोबर

बदल सर्व्हरवर. जुना मजकूर एकदाच चालवलेल्या स्क्रिप्टने बदलला, आधी डेटाबेसची प्रत काढून. ‘फेऱ्या’, ‘किनाऱ्यावर’, ‘वाऱ्याचा’ हे तिन्ही शोध दोन्ही प्रकारच्या कीबोर्डांवरून तपासले, सगळी पानं येतात. ताईंनी धोपाव्याहून स्वतः एक सूचना भरून बघितली, तीही शोधात सापडली.

बाकी: दिवाळीच्या आधी नापास फाइलचा संदेश ईमेलऐवजी एसएमएसने जावा, धक्क्यावर नेट धरत नाही. आणि निवासवाल्यांच्या फॉर्मलाही तोच र-नियम लावायचा.